मॉनिटर घेण्याआधी कार्डाची मागची बाजू बघा

विश्रामबागच्या आमच्या घरात ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा पडदा बदलणारा, एक मॉनिटर आहे. त्यावर आता बाबांच्या हळदीच्या अडतीचा हिशेब चालतो. मी तो गेमसाठी घेतला होता, समोर ‘फ्रीसिंक’चा (पडदा कार्डाच्या वेगाशी जुळवायची सोय) स्टिकर होता म्हणून. माझं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं, जीटीएक्स १०५० टीआय. घरी जोडलं तर सेटिंगमध्ये जी-सिंकचा, म्हणजे एनव्हिडियाच्या तशाच सोयीचा, पर्यायच दिसेना. दोन रात्री ड्रायव्हर काढण्या-घालण्यात गेल्या, मग कारण कळलं. मॉनिटरच्या मागं फक्त व्हीजीए आणि एचडीएमआय होतं, आणि त्या कार्डाला हे काम डिस्प्लेपोर्ट नावाच्या पोर्टवरूनच जमतं. हे पैसे गेल्याचं मला अजून लागतं. म्हणून मिरजेचा मावसभाऊ परवा म्हणाला, “ताई, मॉनिटर घ्यायचाय, चल की,” तेव्हा त्याला दुकानाआधी त्याच्या संगणकाच्या मागं नेलं.

कार्ड दर सेकंदाला सारखीच चित्रं देत नाही. मोकळ्या मैदानात ११०, धुराच्या गोळ्यात ६५. साधा १४४ हर्ट्झचा मॉनिटर मात्र दर ६.९ मिलिसेकंदांनी पडदा बदलतो, चित्र पुरं असो वा अर्धं. त्यामुळं भिंत मधेच कापल्यासारखी दिसते. व्ही-सिंक (पडदा बदलेपर्यंत चित्र थांबवणारी सेटिंग) लावलं की काप जाते, पण माऊस जड होतो. व्हेरिएबल रिफ्रेश रेट (व्हीआरआर) असलेला मॉनिटर, साथीदार गायकाकडं बघून ठेका धरतो तसा, कार्डाच्या चालीनं चालतो.

२०१३ मध्ये एनव्हिडियानं जी-सिंक आणलं, तेव्हा मॉनिटरच्या आत त्यांचा वेगळा महागडा मॉड्यूल लागायचा. एएमडी या दुसऱ्या कार्ड कंपनीचं फ्रीसिंक २०१५ मध्ये आलं, तेही खुल्या अ‍ॅडाप्टिव्ह-सिंक मानकावर. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची १०-सीरीज आणि पुढची कार्डंही अशा मॉनिटरवर चालू लागली. त्यामुळं आज बहुतेकांना मॉड्यूलवाला मॉनिटर घ्यायची गरज नाही. एनव्हिडियाचं ९७० सारखं जुनं कार्ड असेल तर मात्र फ्रीसिंकसाठी जास्तीचे पैसे घालू नका. एएमडीचं कार्ड फ्रीसिंक एचडीएमआयवरूनही चालवतं, पण मॉनिटरनं ते त्या पोर्टवर दिलेलं हवं. पीएस५ (प्लेस्टेशन ५) घरात असेल तर फ्रीसिंकच्या स्टिकरचा उपयोग शून्य. तिला एचडीएमआय २.१ चं व्हीआरआर लागतं.

आता रेंज, म्हणजे किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत मॉनिटर कार्डाच्या चालीनं चालतो ते. मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. खोक्यावर सहसा वरचा आकडाच मोठा छापतात. खालचा कंपनीच्या साइटवर शोधावा लागतो. माझ्या मॉनिटरची रेंज ४८ ते ७५. गेम ४० वर घसरला की तो रेंजबाहेर, आणि काप किंवा झटके परत. पण रेंज ४८ ते १४४ असेल तर ४० च्या वेळी प्रत्येक चित्र दोनदा दाखवून मॉनिटर ८० वर चालवता येतो. याला एलएफसी म्हणतात. त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून मोठा हवा. ‘फ्रीसिंक प्रीमियम’ लिहिलं असेल तर एलएफसी असतंच; नुसतं ‘फ्रीसिंक’ असेल तर स्वतः हिशेब करा. हलकं कार्ड असणाऱ्यांना याची जास्त गरज आहे, कारण घसरतं त्यांचंच. आणि डिस्प्लेपोर्टची रेंज एचडीएमआयवर तेवढीच मिळेल असं धरू नका.

पॅनेलबद्दल (व्हीए, आयपीएस हे पडद्याचे प्रकार) एकच सांगते: व्हीए पॅनेलवर चित्रांचा वेग वरखाली झाला की अंधाऱ्या दृश्यात उजेड लुकलुकू शकतो. रात्री दिवा बंद करून खेळणाऱ्याला ते फार खुपतं. मी भावाला आयपीएस घ्यायला लावलं.

दुकानात लाजू नका. डिस्प्लेपोर्टची केबल लावायला सांगा, मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक चालू करा, आणि मेनूत चालू रिफ्रेश रेट दाखवत असतील तर गेम चालवून आकडा हलतोय का बघा. गेम १४४ च्या खाली चालत असूनही तो १४४ वरच खिळलेला असेल तर व्हीआरआर चालू नाही.

घरी आल्यावर केबल कार्डाच्याच पोर्टात घाला, मदरबोर्डाच्या नाही. विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये १४४ निवडा. पुष्कळदा ते ६० वरच राहिलेलं असतं. आणि गेममध्ये एफपीएसची (सेकंदाला किती चित्रं) मर्यादा १४१ ठेवा, म्हणजे कार्ड रेंजच्या वर उडी मारत नाही.