मुलाखतीत ‘आम्ही’वर थांबू नका

मी बारा वर्षं टेबलाच्या पलीकडे, मुलाखती घेणाऱ्यांत बसते आहे. चांगली चांगली माणसं एकाच जागी अडकताना बघते. उमेदवार सांगतो, "आम्ही काम वेळेत पूर्ण केलं." मी विचारते, "त्यात तुमच्याकडे काय होतं?" आणि तो गप्प होतो. काम केलेलं असतं, पण ते सांगायची तयारी नसते. फार वाईट वाटतं.

म्हणून तयारीचा मोठा वेळ इथे द्या. स्वतःच्या कामातले चार प्रसंग निवडा: एक जमलेला, एक फसलेला, एक मतभेदाचा, एक घाईगर्दीचा. परिस्थिती काय होती, माझ्यावर काय सोपवलं होतं, मी काय केलं आणि शेवटी काय झालं, या क्रमाने बोला. ‘मी काय केलं’ यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. एक प्रसंग साधारण दोन मिनिटांत बसवा आणि मोठ्याने बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा. नुसतं मनात घोळवलेलं उत्तर ऐन वेळी तोंडात अडखळतं. शब्दन् शब्द पाठ मात्र करू नका; मध्येच उपप्रश्न आला की पाठांतराची गाडी घसरते.

बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना तेच प्रश्न विचारून उत्तरागणिक गुण लिहितात. त्यालाही कारण आहे. श्मिट आणि हंटर या संशोधकांनी १९९८ साली ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा कोण पुढे चांगलं काम करील याचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा अशा आखीव मुलाखतीतून बरा येतो, असं दिसलं. त्यामुळे एक उत्तर बिघडलं तर ते तिथेच सोडा. पुढच्या प्रश्नाचे गुण वेगळे असतात.

फसलेल्या प्रसंगाला घाबरू नका. एका मुलीने सांगितलं, तिच्या हातून ग्राहकाला चुकीची फाइल गेली होती. तिने आधी वरिष्ठांना सांगितलं, मग ग्राहकाला फोन केला, आणि त्यानंतर फाइल पाठवण्यापूर्वी दुसऱ्याने तपासायची पद्धत लावली. आम्ही तिलाच घेतलं. "मी फार परफेक्शनिस्ट आहे, हीच माझी उणीव" हे उत्तर ऐकून मात्र आमच्या हाती काहीच लागत नाही.

उत्तर येत नसेल तर "हे मी केलेलं नाही, पण सुरुवात अशी करीन" एवढं सांगा. जुन्या साहेबांची उणीदुणी काढू नका. मी माझ्या पहिल्या मुलाखतीत काढली होती आणि समोरच्यांचे चेहरे बंद होताना पाहिले.

बाकी साधं आहे. दहा मिनिटं आधी पोचा. फोन पूर्ण बंद ठेवा, कारण टेबलावरची थरथरही ऐकू येते. ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे बघून सुरुवात करा, मग इतरांकडेही बघा. ऑनलाइन असेल तर नजर कॅमेऱ्याकडे.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं विचारतील. "काही नाही" म्हणू नका. "पहिल्या तीन महिन्यांत या जागेवरच्या माणसाकडून काय व्हायला हवं?" असं विचारा आणि उत्तर नीट ऐका. बाहेर पडल्या पडल्या ते उत्तर आणि विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा. दुसऱ्या फेरीला बोलावलं, तर तयारी तिथूनच सुरू करता येते.