फायबरचं नेट गेलं की आधी एलओएस लाइट बघा
नेट बंद पडलं की लगेच मोडेम बंद-चालू करत बसू नका, आधी त्यावरचा एलओएस (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाइट बघा. तो लाल लुकलुकतोय म्हणजे बाहेरून प्रकाशाचा सिग्नलच पोचत नाहीये, मग रीस्टार्टचा काय उपयोग. मागची बारीक वायर कपाटामागे दबलीय किंवा जास्त वाकलीय का बघा, आत काच असते, वळण घट्ट झालं की प्रकाश बाहेर गळतो, आणि सरळ करूनही लाल राहिला तर कंप्लेंट टाका. वायर काढलीच तर टोकात डोळा घालू नका हां, १४९० नॅनोमीटरचा लेझर दिसत नाही पण असतो! एलओएस बंद आणि पॉन (कंपनीच्या लाइनशी जोडणी दाखवणारा लाइट) स्थिर हिरवा असेल तर लाइन बहुतेक ठीक आहे, मग वायफाय नाहीतर लॉगिन तपासा.