ओपनिंग बुक न जोडता चेस इंजिनाला ओपनिंग कसं खेळायला लावायचं

स्वतःचं छोटं चेस इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम) लिहिलं की पहिल्याच दिवशी बऱ्याच जणांना हे दिसतं, आधी घोडा सी३ ला, मग दुसरा घोडा एफ३ ला, आणि मधली प्यादी जागची हलत नाहीत. माझंही तसंच झालेलं. मग लोक ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार खेळ्यांची यादी) जोडून मोकळे होतात. माझं मत विचाराल तर आधी बुकशिवायच नीट खेळू द्या, कारण बुक कधीतरी संपतंच आणि मूळ दुखणं तिथे परत वर येतं.

इंजिनाला ओपनिंग असं काही वेगळं नसतंच. सुरुवातीचा पट म्हणजे त्याच्यासाठी इतरांसारखीच एक पोझिशन, पांढऱ्याच्या २० खेळ्या, १६ प्याद्यांच्या आणि ४ घोड्यांच्या. दोघांच्या दोन-दोन खेळ्या झाल्या की १,९७,२८१ वाटा होतात, त्यामुळे मातेपर्यंत बघणं शक्यच नाही, ठरावीक डेप्थपर्यंत (किती अर्ध्या खेळ्या पुढे बघायचं ते, एका बाजूची एक खेळी म्हणजे एक) जायचं आणि तिथल्या पटाला मार्क द्यायचे एवढंच हातात असतं. आणि सुरुवातीला मारामारी फार नसते, दोघांकडे मोहरे सारखेच, म्हणून निवड होते ती बारीकसारीक मार्कांवर. सगळी गंमत इथेच आहे.

आता तो घोडा का निघतो ते बघा. माझ्या टेबलात (कुठला मोहरा कुठल्या घरावर असला की किती मार्क, त्याचा तक्ता) बी१ वरच्या घोड्याला -४०, सी३ वर +१०, म्हणजे ५० चा फायदा (प्यादं म्हणजे १०० धरून). ई२ चं प्यादं -२०, ई४ वर +२०, म्हणजे फायदा ४० च. इंजिनाने सरळ हिशोब केला आणि घोडा काढला, त्याचं काहीच चुकलं नाही, आकडे मी दिलेले. तर डी२ आणि ई२ चा दंड वाढवून -३५ करा, आणि सी३ च्या घोड्यामागे सी२ चं प्यादं अडकलं की ५-१० वजा करा. लगेच फरक दिसतो.

दुसरं दुखणं वजिराचं. गणितज्ञ क्लॉड शॅननने चेस प्रोग्रॅमवरच्या १९५० च्या पेपरात प्रत्येक उपलब्ध खेळीला ०.१ प्याद्याइतके मार्क सुचवले होते, कल्पना चांगलीच आहे पण जशीच्या तशी घेतली तर वजीर लवकर बाहेर पळतो कारण त्यालाच सगळ्यांत जास्त घरं मिळतात. वजिराची मोबिलिटी (त्याच्या उपलब्ध खेळ्यांची संख्या) सुरुवातीला मोजूच नका, किंवा अगदी कमी मोजा. सुरुवात कुठवर हे ठरवायला उरलेले मोहरे मोजा, घोडा-उंट १, हत्ती २, वजीर ४, सगळे पटावर असले की बेरीज २४, आणि ती कमी होत जाईल तसं एंडगेमच्या (डावाच्या शेवटच्या टप्प्याच्या) वेगळ्या टेबलाकडे सरका.

मग डेप्थ. पांढऱ्याला कॅसलिंग लवकरात लवकर चौथ्या खेळीला जमतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या धरून ७ अर्ध्या खेळ्या, त्यामुळे डेप्थ ६ वर सुरुवातीच्या पटावरून कॅसलिंग दिसणारच नाही. अल्फा-बीटा (निकालावर फरक न पडणाऱ्या फांद्या सोडून देणारा शोध), चांगलं मूव्ह ऑर्डरिंग (चांगल्या वाटणाऱ्या खेळ्या आधी तपासणं) आणि ट्रान्सपोझिशन टेबल (आधी बघितलेल्या पोझिशन लक्षात ठेवणारा साठा) हे तिन्ही असतील तर ७ च्या पुढे जायला त्रास नाही. शेवटच्या टोकाला क्विसन्स सर्च (मारामारी थांबेपर्यंत पुढे बघत राहणं) हवाच, नाहीतर राखलेलं प्यादं वजिराने मारलं की इंजिनाला ते फुकटचं वाटतं.

दरवेळी तीच खेळी येते म्हणून कंटाळा आला तर सगळ्यांत चांगल्या खेळीपासून १५ मार्कांच्या आतल्या खेळ्यांतून एक रँडम निवडा. पण एक लक्षात ठेवा, अल्फा-बीटा बाकीच्या खेळ्यांचे खरे मार्क देत नाही, नुसती वरची मर्यादा देते, त्यामुळे रूटवरची (म्हणजे आत्ताच्या पटावरची) प्रत्येक खेळी पूर्ण विंडोने (मार्कांवर आधीची मर्यादा न लावता) शोधा.

मोठ्या इंजिनांत हे आकडे आता हाताने लिहीत नाहीत, स्टॉकफिश या इंजिनाच्या १२ व्या आवृत्तीत २०२० ला एनएनयूई (पटाला मार्क द्यायला शिकवलेलं न्यूरल नेटवर्क) आलं. डीपमाइंडच्या अल्फाझिरो या प्रोग्रॅमला तर २०१७ मध्ये फक्त नियम दिले होते, स्वतःशीच खेळून ते इंग्लिश ओपनिंग आणि क्वीन्स गॅम्बिटपर्यंत आपणहून पोचलं, मला हे अजूनही फार भारी वाटतं.

झालं की चेस९६० वर (मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांची मांडणी बदलून खेळायचा प्रकार) चालवून बघा. ९६० वेगवेगळ्या मांडण्या, तिथे पाठांतर चालत नाही, आणि एखाद्या मांडणीत मोहरे कोपऱ्यातच पडून राहिले तर कुठलं टेबल दुरुस्त करायचं ते लगेच कळतं.