ग्रामसभेला जाण्याआधी निविदा क्रमांक टिपून घ्या

वाड्यावरच्या गटाराचे काम कुणाला, किती दराने दिले हे विचारले की ग्रामसभेत 'फाईल बघून सांगतो' एवढेच उत्तर मिळते.

१. काम जाहीर होताच निविदा क्रमांक वहीत लिहून ठेवा. मुख्य गोष्ट हीच.
२. गोवा सरकारच्या ई-निविदा पोर्टलवर लॉगिन न करता तो शोधा.
३. कामाचा तपशील आणि शुद्धिपत्रके (निविदेत नंतर केलेले बदल) तेव्हाच उतरवून घ्या. मुदत संपली की निविदा चालू यादीतून जाते.
४. पुढे त्याच क्रमांकावर 'निविदा स्थिती' पाहा.

सर्वांत कमी दरवाल्याला काम मिळाले नाही म्हणून लगेच आरोप करू नका. तो तांत्रिक छाननीत बाद झाला असेल. आधी कारण वाचा. कारणाची नोंद नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा.