अर्धवट राहिलेल्या जुन्या मोटारीची वाजवी किंमत कशी काढावी

जुन्या मोटारीचे अर्धवट राहिलेले काम विकायला काढणाऱ्या माणसाकडे बहुधा एक फुगलेली फाइल असते. डेंटिंगवाल्याची बिले, लेथवाल्याच्या चिठ्ठ्या, रंगाच्या डब्यांच्या पावत्या असे सगळे तीत लावलेले असते आणि या बेरजेत मूळ खरेदीची रक्कम मिळवून मागणीचा आकडा काढलेला असतो. घेणाऱ्याने ती फाइल जरूर वाचावी, कारण कोणते काम कधी आणि कोणाकडून झाले हे तीत कळते. मात्र बेरजेकडे लक्ष देऊ नये. अर्धवट गाडीची किंमत पुढे व्हायच्या खर्चावरून काढायची असते. झालेला खर्च विकणाऱ्याचा, तो वसूल झाला काय किंवा बुडाला काय.

पद्धत अशी की, तीच गाडी पूर्ण होऊन चालू स्थितीत आज कितीला विकली जाईल तो आकडा आधी घ्यावा, त्यातून उरलेल्या कामाचा खर्च वजा करावा, मग न दिसणाऱ्या कामासाठी काही भाग वजा करावा, आणि शेवटी जागा व वेळ यांचे मोल वजा करावे. उरेल ती आपली कमाल किंमत. यातला पहिला आकडाच बहुतेक लोक चुकवतात, कारण ते जाहिरातीत मागितलेली किंमत धरतात. मागितलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. गाडी प्रत्यक्षात कितीला गेली हे त्याच मॉडेलच्या दोन-तीन मालकांना विचारूनच कळते. हिवाळ्यात मुंबईत जुन्या गाड्यांच्या रॅली निघतात. तिथे मालक गाडीजवळ उभे असतात आणि पत्र्याचे, क्रोमचे, सुट्या भागांचे बोलणे त्यांना मनापासून आवडते. एका सकाळी तिथे जेवढे कळते तेवढे महिनाभर फोन करूनही कळत नाही.

‘व्हिंटेज’ या शब्दाचे पैसे वेगळे द्यावे लागत असल्यामुळे त्याचा अर्थही नीट पाहून घ्यावा. जाणकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत १९१९ ते १९३० मधली गाडी व्हिंटेज ठरते. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या दरपत्रकात ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली गाडी व्हिंटेज मानलेली आहे. आणि २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले आणि मूळ रूपात राखलेले वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यामुळे १९७२ ची फियाट सरकारी अर्थाने व्हिंटेज होऊ शकते, पण तेवढ्यावरून तिला युद्धापूर्वीच्या गाडीचा भाव देण्याचे कारण नाही. ‘एका पारशी कुटुंबाची गाडी’ हे वाक्यही असेच आहे. पारशी मालकांनी गाड्या जिवापाड जपल्या हे खरे, पण दलालांच्या तोंडून मी आजवर जेवढ्या पारशी गाड्या ऐकल्या तेवढ्या त्या समाजाने कधी विकत घेतल्या असतील असे वाटत नाही.

आता प्रत्यक्ष पाहणी. पार्ल्यातल्या एका जुन्या इमारतीच्या आवारात मी १९५७ ची ‘डुक्कर फियाट’ पाहिली होती. ही फियाट ११००, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. रंग मारून झालेला होता आणि तो दिसतही छान होता. मालक काका निवृत्त होते, ते म्हणाले, “अहो, ऐंशी टक्के काम झालंय, आता फक्त जोडायची आहे.” मी खिशातून फ्रिजवर लावायचे चुंबक काढले, नव्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून ते रुमालात गुंडाळले आणि पत्र्यावरून फिरवत नेले. छतावर ते घट्ट बसले, बॉनेटवरही बसले. दरवाजाखालच्या पट्टीवर मात्र धरलेच नाही आणि रुमालासकट खाली घसरले. आत पत्रा नव्हता, बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. काका काही खोटे बोलत नव्हते. त्यांनी डेंटिंगवाल्याला कामाचे पैसे दिले होते आणि त्याने गंज कापून नवा पत्रा लावण्याऐवजी लांबीने भरून काढला होता. घेणाऱ्याच्या हिशेबात मात्र तो रंग शून्य किमतीचा झाला, कारण पत्रा लावायचा तर रंग पुन्हा मारावा लागणार.

मुंबईच्या गाडीत गंज ठरावीक जागी असतो आणि तिथेच तो शोधावा. खारी हवा आणि चार महिने ताडपत्रीखाली कोंडलेली ओल यांमुळे दरवाजांखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, पुढच्या काचेच्या खालचे कोपरे आणि मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, ज्या कंसांना अडकतात ते कंस आधी जातात. यांपैकी शेवटची जागा सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पायाखालचा पत्रा कोणीही बदलून देतो, पण पाट्याचा कंस चेसिसपासून, म्हणजे गाडीच्या खालच्या चौकटीपासून, सुटलेला असेल तर गाडी सरळ रेषेत बसवणारा कारागीर शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला दबका. गाडी २६ जुलै २००५ नंतर बंद पडली असे कोणी सांगितले तर आणखी सावध व्हावे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि उपनगरांतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. सीटच्या स्प्रिंगांमध्ये, दरवाजाच्या पोकळीत आणि हेडलाइटच्या वाटीमागे वाळलेल्या चिखलाची बारीक पूड सापडली, तर इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंग ही तिन्ही कामे हिशेबात पूर्ण धरावीत.

इंजिनाबाबत एकच नियम मी पाळतो: जे माझ्यासमोर चालू झाले नाही ते बांधलेले नाही. ‘इंजिन सहा वर्षांपूर्वी पूर्ण केले, फक्त सुरू केले नाही’ या वाक्याचा अर्थ असा की, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या बोअरला चिकटलेल्या असू शकतात, तेलाची सीले कडक झाली असतील आणि ते पुन्हा उघडावे लागेल. प्लग काढून, भोकांत थोडे तेल सोडून आणि दोन दिवस थांबून हँडलने हाताने फिरवून पाहावे. स्टार्टर मारण्याचा आग्रह विकणाऱ्याने केला तरी तो मोडून काढावा. इंजिन मूळचेच आहे का, हेही पाहावे. पेट्रोल परवडेना तेव्हा मोठ्या परदेशी गाड्यांत मॅटाडोर व्हॅनसारख्या गाड्यांची डिझेल इंजिने बसवण्याची पद्धत होती. अशी गाडी चालवायला वाईट नसते, पण इंजिन, चेसिस किंवा सांगाड्यात मोठा बदल केलेली गाडी व्हिंटेज नोंदणीला पात्र ठरत नाही, आणि मूळ इंजिन शोधण्याचा खर्च कित्येकदा सबंध गाडीच्या किमतीइतका होतो.

ऐंशी टक्क्यांचा मुद्दा अजून बाकी आहे. डेंटिंग, वेल्डिंग, रंग ही कामे डोळ्यांना दिसतात आणि आधी होतात, म्हणून मालकाला काम संपत आल्यासारखे वाटते. राहिलेल्या ‘वीस टक्क्यां’त क्रोम, काचा, दरवाजांची रबरे, वायरिंग, सीटचे कापड, छताचे अस्तर, मीटर, हँडल आणि नावाची धातूची अक्षरे असतात. यांतल्या बऱ्याच गोष्टी मजुरीने होत नाहीत, त्या मिळवाव्या लागतात. प्रीमियर पद्मिनीचे यांत्रिक भाग मुंबईत अजूनही सापडतात, कारण ही गाडी कुर्ल्यातच बनत होती आणि दशकानुदशके या शहराची टॅक्सी होती. परंतु शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली आणि तिच्याबरोबर त्या सुट्या भागांचे रोजचे गिऱ्हाईकही गेले. डुक्कर फियाटची जाळी किंवा स्टँडर्ड हेराल्डची क्रोमपट्टी शोधायची तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार या जुन्या भागांच्या बाजारांच्या किती फेऱ्या होतील ते आधी सांगता येत नाही. म्हणून सुटी केलेली गाडी पाहताना खोकी, डबे आणि पिशव्या जमिनीवर रिकाम्या करून प्रत्येक वस्तूची यादी करावी. सुटी केलेली अर्धवट गाडी ही न उघडलेल्या, गंजलेल्या पण अखंड गाडीपेक्षा स्वस्तच असली पाहिजे असे माझे मत आहे, कारण अखंड गाडीत काय कुठे बसते हे गाडीच सांगते. सुट्या गाडीत ते ज्या मेकॅनिकला ठाऊक होते तो बहुधा गॅरेज सोडून गेलेला असतो.

पार्ल्याच्या त्या गाडीचा हिशेब इथे मांडतो. आकडे त्या एका गाडीचे आहेत, ते दर म्हणून वापरू नयेत. पूर्ण झालेली गाडी ७ लाखांना जाईल असे धरले. उरलेल्या कामात पत्रा व पुन्हा रंग ९०,०००, क्रोम ६०,०००, इंजिन उघडून जोडणे ५०,०००, काचा व रबरे ४५,०००, सीट व अस्तर ४०,०००, ब्रेक व पुढचे सस्पेन्शन ३५,०००, वायरिंग ३०,००० आणि कागदपत्रे २५,००० असे मिळून ३,७५,००० झाले. न दिसणाऱ्या कामासाठी मी तीस टक्के धरतो. लांबी सापडलेल्या गाडीत त्याहून कमी धरणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय. ते १,१२,५०० झाले. दोन वर्षे गाडी उभी करण्याच्या जागेचे महिन्याला ३,००० प्रमाणे ७२,०००. सात लाखांतून हे सगळे गेल्यावर १,४०,५०० उरले. काकांची मागणी ४ लाखांची होती आणि फाइलमधली बिले ३,८०,००० ची.

हा कागद मी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. ते नाराज झाले, पण कागद बाजूला न सारता ओळीने वाचू लागले आणि क्रोमच्या ओळीवर थांबून म्हणाले, “थांबा, माळ्यावर काहीतरी आहे.” वर्तमानपत्रात गुंडाळलेले मूळ बंपर, जाळी आणि चाकांच्या चार टोप्या खाली आल्या, क्रोम जुने पण शाबूत होते. क्रोमचा खर्च ६०,००० वरून २५,००० वर आला, त्यावरची तीस टक्क्यांची भर धरून ४५,५०० रुपये वाचले, आणि माझी मर्यादा १,८६,००० झाली. व्यवहार १,८०,००० ला ठरला. घासाघीस करताना ‘थोडे कमी करा’ म्हणण्याऐवजी कामांची यादी समोर ठेवली, तर समोरच्यालाही तीत काही दुरुस्ती सुचवता येते.

कागदपत्रांचे २५,००० काहींना जास्त वाटतील. चेसिसवरचा क्रमांक नोंदणी पुस्तकातल्या (आरसी बुकातल्या) क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून छाप घ्यावी, कारण आरटीओतही तीच लागते. क्रमांकाभोवती वेल्डिंगची खूण दिसली तर किमतीची चर्चाच थांबवावी. तीन अक्षरे आणि चार आकडे असा जुना क्रमांक असलेल्या गाडीची नोंद संगणकात चढलेली आहे का, हे पाहावे. नसेल तर मूळ नोंदणी जिथे झाली त्या कार्यालयातून ती चढवून घेण्याचे काम उरते. पुस्तकावरचे मालक हयात नसतील तर आधी फॉर्म ३१ ने गाडी वारसाच्या नावावर येते आणि त्यानंतरच फॉर्म २९ व ३० ने ती आपल्या नावावर होते. सगळ्या वारसांच्या सह्या मिळतील का, हे बयाणा देण्यापूर्वी विचारावे, कारण एक भाऊ परदेशात असला तरी व्यवहार वर्षभर लटकतो.

मुदत संपलेली नोंदणी असेल तर नूतनीकरणाचे शुल्क, पर्यावरण कर आणि विलंबाची रक्कम धरावी. व्हिंटेज नोंदणी करायची असल्यास नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही किंवा भाड्याने देता येत नाही; रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. लग्नसमारंभांना भाड्याने देऊन खर्च काढण्याचा विचार असेल, तर ते उत्पन्न पूर्ण झालेल्या गाडीच्या पहिल्या आकड्यात धरू नये. पुस्तक हरवले आहे आणि क्रमांकाचा मागही लागत नाही, अशा गाडीला मी सुट्या भागांचाच भाव देतो, मग ती कितीही देखणी असो.

बयाण्याच्या पावतीवर चेसिस व इंजिन क्रमांक, ठरलेली रक्कम आणि सुट्या वस्तूंची यादी लिहून दोघांनी सही करावी. गाडी न्यायला सपाट पाटाचा ट्रक बोलवावा, आणि ज्या दिवशी गाडी हलेल त्याच दिवशी डबेही हलवावेत. माझ्या वेळी डबे ‘रविवारी न्या’ म्हणून राहिले. रविवारी त्यांतला स्क्रूंचा बिस्किटाचा डबा जिन्याखालच्या भंगाराबरोबर गेलेला होता, आणि दरवाजाच्या बिजागरीचे आठ स्क्रू मला शेवटी लेथवर करून घ्यावे लागले.