व्हिक्टोरियन बालपणावर लिहिताना या चुका टाळा

इंग्रजी साहित्याच्या प्रकल्पात किंवा पुस्तक-परिचयात व्हिक्टोरियन काळातलं मूल आलं की ठरावीक चित्र उभं राहतं: छडी, उपासमार, कोरडे आईबाप. हे चित्र बरंचसं त्या काळच्या कादंबऱ्यांनीच आपल्याला दिलं. पण त्या समाजात मुलांवरून मोठा वाद चालू होता आणि कादंबरीकार त्या वादात एक बाजू घेऊन उभे होते. त्यांचं लिखाण निःपक्षपाती साक्ष म्हणून वापरलं की पुढच्या चुका होतात.

६४ वर्षांना एकच काळ समजणं

राणी व्हिक्टोरिया १८३७ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आली, १९०१ मध्ये वारली. तिच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला लहान मुलं-मुली कोळशाच्या खाणीत उतरत होती. १८४२ च्या कायद्याने बायका, मुली आणि १० वर्षांखालच्या मुलग्यांना तिथे मनाई झाली. १८८० मध्ये ५ ते १० वयाच्या मुलांना शाळा सक्तीची झाली आणि १८८९ मध्ये मुलांना क्रूरपणे वागवणाऱ्या पालकांविरुद्ध कायदा आला. ‘जेन एअर’ ही कादंबरी १८४७ ची, पण तिच्यातली लोवुड शाळा शार्लट ब्राँटेने १८२४-२५ मध्ये भोगलेल्या शाळेवर बेतलेली आहे, म्हणजे राणीच्या आधीची. म्हणून पुस्तक कधी आलं, कथा कधी घडते आणि तेव्हा कायदा काय होता, हे तिन्ही आधी टिपून ठेवा.

‘मुलं मरायचीच, म्हणून आईबाप जीव लावत नसत’

हे वाक्य कृपा करून लिहू नका. बालमृत्यू प्रचंड होते हे खरं. इंग्लंडमध्ये १००० जन्मांमागे सुमारे १५० बाळं वर्षाच्या आत दगावत. पण शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विनची मुलगी ॲनी १८५१ मध्ये, १० वर्षांची असताना गेली, तेव्हा त्याने आठवड्याभरात तिच्या आठवणी लिहून काढल्या: तिचं वागणं, तिचा लाघवीपणा, तिच्या बारीकसारीक सवयी. १८५६ मध्ये कार्लाइल शहरातल्या मुख्य चर्चचे डीन (प्रमुख धर्मगुरू) टेट यांच्या पाच मुली काही आठवड्यांत स्कार्लेट तापाने गेल्या. आईने त्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली. मरण नेहमीचं होतं म्हणून दुःख हलकं होत नव्हतं. कादंबरीकार डिकन्सच्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’मधल्या छोट्या नेलच्या मृत्यूवर वाचक ढसाढसा रडले, त्यामागे अनेक घरांतली अशी रिकामी जागा होती.

ऑलिव्हर ट्विस्टला नमुना मानणं

डिकन्सच्या कादंबरीतला ऑलिव्हर अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये जन्मला, पण बोलतो सुशिक्षित घरातल्या मुलासारखा. कितीही संकटं आली तरी चांगुलपणा टिकतो, हे डिकन्सला ऑलिव्हरमधून दाखवायचं होतं. गरीब वर्गाच्या पोरांचा खरा आवाज हवा असेल तर पत्रकार हेन्री मेह्यूने लंडनच्या रस्त्यावर गाठलेली वॉटरक्रेसची भाजी विकणारी आठ वर्षांची मुलगी वाचा. ती त्याला ठणकावते की मी लहान मूल नाही, आणि वीस वर्षांची होईपर्यंत बाईही नाही, पण आठ उलटलीत माझी. भाजीच्या जुड्या, पैशांचा हिशोब, आईला द्यायची कमाई, सगळं तिला तोंडपाठ आहे. आपण दयेला पात्र आहोत, असं तिच्या बोलण्यात कुठेच नाही. ऑलिव्हर आणि ही मुलगी शेजारी ठेवून वाचलीत की कादंबरीने काय निवडलं आणि काय गाळलं, ते स्पष्ट होतं.

कामाला जुंपलेली पोरं फक्त गिरणीत आणि धुराड्यात शोधणं

कित्येक मुलं शेतावर आणि लोकांच्या घरी चाकरीला होती. कथांमध्ये ती कमी दिसतात, म्हणून लेखांतूनही निसटतात.

‘इंग्रजांनी बालमजुरी थांबवली’ असं सरसकट म्हणणं

इंग्लंडच्या कापड गिरण्यांत ९ वर्षांखालच्या मुलांना १८३३ च्या कायद्यानेच बंदी झाली होती. मुंबईच्या गिरण्यांना लागू झालेल्या १८८१ च्या कायद्याने मात्र फक्त ७ वर्षांखालच्यांना रोखलं आणि ७ ते १२ वयाच्या मुलांना दिवसाला ९ तास काम करायची मुभा ठेवली. ९ वर्षांची अट इथे १८९१ मध्ये आली.