नाइन्थ, इलेव्हन्थ, थर्टीन्थ: अनामिकेचं दुखणं आणि एक फुकटचा प

गिटारवर सेव्हन्थ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले सूर) अजून खडखडत असेल तर आधी ती नीट करून या. सी हा सा धरला, तर सी सेव्हन्थ म्हणजे सा, ग, प आणि कोमल नी.

यात वरचा रे घातला की नाइन्थ, त्यावर शुद्ध म की इलेव्हन्थ, त्यावर ध की थर्टीन्थ. झाले सात सूर, म्हणजे अख्खा खमाज थाट. आमच्या ग्वाल्हेरच्या घरी आत्याला हे सांगितलं, तर तिने पेटीवर सातही पट्ट्या एकदम दाबल्या आणि म्हणाली, "हा कसला रे कलकलाट?" बरोबरच होतं तिचं. सहा तारांवर सात सूर मावतही नाहीत. आधी प काढा, कोणाला पत्ता लागत नाही. बेस वाजवणारा सोबत असेल तर सासुद्धा त्याच्यावर सोडा. ग आणि कोमल नी मात्र हलवायचे नाहीत, कॉर्डची सगळी ओढ त्या दोघांत आहे. अपवाद इलेव्हन्थचा: तिथे ग आणि म भांडतात, म्हणून ग काढायचा. तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधला खण) पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत तर्जनी आडवी टाका (पहिली तार सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड), सी इलेव्हन्थ तयार.

आता सी नाइन्थ. मधलं बोट पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी चौथीवर दुसऱ्याला, आणि अनामिका तिसरी-दुसरी-पहिलीवर तिसऱ्या फ्रेटला आडवी. मी ज्यांच्याकडे शिकायला जात होतो ते एकच सांगायचे: "जोर लाव!" जानेवारीत, बोटं गारठलेली असताना, मी महिनाभर जोर लावला. पहिली तार ठक्कच वाजायची, कारण ती नेमकी पेराच्या घडीत जात होती. जोराने काही होत नाही. अनामिकेचं शेवटचं पेर किंचित उलटं वाकलं पाहिजे. त्यासाठी अंगठा गिटारच्या दांडीच्या मागे मधोमध ठेवा, तळवा लाकडापासून सुटा, कोपर जरासं पोटाकडे. आणि अनामिका आधी ठेवा. सगळे मधल्या बोटापासून सुरुवात करतात, तिथेच फसतात. तिन्ही तारा एकेक छेडून स्वच्छ वाजल्या की मग बाकीची दोन बोटं. मधल्या बोटाचं टोक सहावीला नुसतं टेकवा, ती गप्प राहील. मनगट दुखलं तर थांबा, पेर दुखलं तर चालू द्या.

पहिल्या तारेवर जो सूर येतो तो प. ज्या तारेसाठी मी सगळ्यात जास्त रडलो, ती या कॉर्डला लागतच नव्हती! म्हणून पहिली स्वच्छ वाजत नसेल तर बोट तिथे नुसतं टेकू द्या, दाबू नका.

जी थर्टीन्थ त्यामानाने सोपी: सहावी तिसऱ्यावर, चौथी तिसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर, दुसरी पाचव्यावर, तर्जनीपासून करंगळीपर्यंत ओळीने. पाचवी आणि पहिली बंद.

मग बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा ब्लूज धरा (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक गट): चार बार जी थर्टीन्थ, दोन सी नाइन्थ, दोन जी, एक डी नाइन्थ, एक सी, शेवटी दोन जी. डी नाइन्थ म्हणजे सी नाइन्थच, दोन फ्रेट वर, म्हणजे गिटारच्या खोक्याकडे, सरकवलेली. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवा, आणि जीवरून सीवर येताना आधी अनामिका उतरते आहे ना, एवढंच बघा.